पुण्याहून हरिहरेश्वर–दाभोळ–गुहागर–गणपतीपुळे: दिवाळीच्या गर्दीत तीन जंगलजेट्या कशा गाठाव्यात?

कोथरूड३८

नमस्कार मंडळी. भाऊबीज झाल्यावर कार्तिक शुद्ध चतुर्थीला पहाटे निघायचा बेत आहे. एक एसयूव्ही, एक सेडान आणि भाच्याची बाईक. मोठी माणसं सात, त्यांत आई ७६ वर्षांची, गुडघ्यांचा त्रास आहे.

मार्ग असा ठरवतोय: ताम्हिणी–माणगाव–म्हसळा–हरिहरेश्वर, बागमांडल्याला जंगलजेटीवर (गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीवर) गाड्या चढवून वेसवी, मुक्काम आंजर्ले. तिथे दोन रात्री. मग दाभोळहून धोपावे, गुहागर मुक्काम. शेवटी तवसाळ–जयगड ओलांडून गणपतीपुळे. नकाशा बागमांडल्याला सकाळी ९:३० ला पोचाल म्हणतो आणि पुढे फेरीची १५ मिनिटं धरतो. हे खरं मानायचं का? सेडान खालून घासेल का? आईला बोटीवर कसं न्यायचं? आणि परत त्याच वाटेने यावं का?

खाडीकाठ

नकाशा फक्त खाडी ओलांडायचा वेळ धरतो. रांग, ओहोटी, गाडी चढवणं-उतरवणं यातलं काही तो मोजत नाही. त्यामुळे बेत पुण्यापासून पुढे न मोजता जेटीपासून मागे मोजत करा. जेटीवर कोणत्या वेळी असणं सोयीचं, ते आधी ठरवायचं आणि त्यावरून निघायची वेळ.

सगळ्यात आधी भरती-ओहोटी. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, दिवसा आणि रात्री दोन्ही. चतुर्थीला ४ ची पाऊणपट ३, म्हणजे दुपारी ३ ला भरती आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी ९ च्या सुमाराला पूर्ण ओहोटी. प्रत्येक तिथीला ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. हा हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. रत्नागिरीकडे भरती मुंबईपेक्षा थोडी आधी लागते, तेवढी अर्ध्या-पाऊण तासाची सूट धरा.

आता तुमचा बेत पाहा. ९:३० ला तुम्ही बागमांडल्याला नेमके ओहोटीत पोचताय. अमावास्येचं उधाण चतुर्थीपर्यंत पुरतं उतरलेलं नसतं, म्हणजे पाणी चांगलंच खाली गेलेलं असणार. पाणी खाली गेलं की धक्क्याच्या उताराचा एरवी बुडालेला भाग उघडा पडतो. त्यावर शेवाळ आणि चिखल असतो, शिवाय बोटीचा रॅम्प आणि उतार यांच्यात कोन तयार होतो. सेडान घासते ती तिथेच. पाणी फारच कमी असेल तर बोट टेकायला वेळ लागतो, कधी थोडं पाणी चढेपर्यंत थांबवतातही.

म्हणून ९:३० ला थेट हरिहरेश्वरला जा. तिथली समुद्राकडची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते. भरतीत त्या खडकांवरून लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत, त्यामुळे हा नियम मोडू नका. रीतीप्रमाणे आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असं दर्शन आणि नंतर प्रदक्षिणा करून ११:३० पर्यंत मोकळे व्हा. आई देवळात बसतील, पायऱ्या उतरायचा आग्रह करू नका. तिथून बागमांडला जवळच आहे. १२ ते १ च्या दरम्यान पाणी चढत असतं, उतार बराच झाकलेला असतो. त्या वेळी सेडान चढवा.

मुळशीकर

खाडीकाठ यांनी सांगितलेली वेळ पुण्याकडून जुळते का ते पाहू. चांदणी चौक पहाटे ४:३० ला सोडला तर ताम्हिणी अंधारातच लागते. त्या दिवसांत घाटमाथ्यावर धुकं असू शकतं, म्हणून उतारावर घाई नको. माणगाव ७:३० च्या आत ओलांडायचं. दिवाळीच्या आठवड्यात मुंबई–गोवा महामार्गावरची सगळी गर्दी माणगावच्या बाजारात येऊन अडकते, आणि ८:३० नंतर तिथे किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. नाश्ता माणगाव सोडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागल्यावर करा. मग ९:३० पर्यंत हरिहरेश्वर आरामात होतं.

टाकी आदल्या रात्री पुण्यातच भरा. पुढे वेसवी ते आंजर्ले या पट्ट्यात पंपावर विसंबू नका, दापोलीला पुन्हा भरा. सीएनजीची गाडी असेल तर पेट्रोलची टाकीही पूर्ण हवी.

हिशेबी

मला मुद्दा दाभोळचा मांडायचा आहे, कारण तुमच्या प्रवासातली खरी गर्दी तिथे आहे. दाभोळ–धोपावे फेरी २००३ पासून आहे आणि दापोलीहून गुहागरला जाणारा जवळजवळ प्रत्येक पर्यटक ती धरतो.

दापोली–दाभोळ साधारण तास, पाण्यातले १५ मिनिटं, धोपावे–गुहागर अर्धा तास. म्हणजे रांग नसेल तर पावणेदोन तास. दुसरी वाट दापोली–खेड–चिपळूण–गुहागर, शंभर किलोमीटरच्या थोडं वर, तीन तास. फरक सव्वा तासाचा. दापोलीत असतानाच कळलं की दाभोळला दीड तास थांबावं लागतंय, तर चिपळूणची वाट धरा. पण दाभोळला जाऊन रांग पाहिली आणि मग परत फिरलात तर एक तास आधीच खर्च झालेला असतो आणि दापोलीला परतायला आणखी एक. तिथून मागे फिरणं परवडतं ते थांबणं सव्वातीन तासांच्या वर जाणार असेल तरच.

थांबणं किती, हे रांगेत उभं राहून कळत नाही. एकाने उतरून चालत पुढे जायचं आणि रॅम्पपासून मागे गाड्या मोजत यायचं. मोठी बस किंवा ट्रक दिसला की तीन ते चार मोटारी धरायच्या, टेम्पो ट्रॅव्हलर दीड ते दोन. बाईक मोजायची नाही, त्या फटीत बसतात. बोटीच्या आकाराप्रमाणे एका फेरीत दहा-पंधरा ते वीस मोटारी मावतात. समजा पुढे ४० मोटारींइतकी जागा भरलेली आहे आणि बोट १५ घेते, तर तुमचा नंबर तिसऱ्या फेरीत. बोट जाऊन रिकामी होऊन, भरून परत येईपर्यंत ४०-४५ मिनिटं धरली तर दीड ते दोन तास. गर्दीच्या दिवशी दुसरी बोट सोडतात, मग हाच आकडा निम्मा होतो. म्हणून तिकीट खिडकीवर पहिला प्रश्न हाच विचारा: आज बोटी किती चालू आहेत?

आंजर्ल्याची

हिशेबी यांचं गणित पटलं, पण रांग टाळायचा सोपा मार्ग मुक्काम हलवण्यात आहे. हॉटेलं आणि घरगुती राहण्याच्या जागा सकाळी १० ला खोली सोडायला सांगतात. सगळे नाश्ता करून निघतात आणि ११ ते १ मध्ये दाभोळला एकदम येतात. आंजर्ल्याला एकच रात्र राहा. दुसऱ्या दिवशी कड्यावरच्या गणपतीचं दर्शन, हर्णै वगैरे करून संध्याकाळपर्यंत लाडघर किंवा कोळथऱ्याला जाऊन मुक्काम करा. कोळथऱ्याहून दाभोळ अगदी जवळ पडतं. षष्ठीच्या सकाळी ७–७:३० ला जेटीवर असाल तर रांग नगण्य.

पाण्याचंही जुळतं. षष्ठीला ६ ची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे ४:३० ला भरती, १०:३० ला ओहोटी. सकाळी ७ ला पाणी उतरत असतं पण निम्म्याच्या वर असतं. शिवाय तोवर भांगाकडे वाटचाल सुरू झालेली असते, म्हणजे भरती-ओहोटीतला फरकच कमी.

वेसवी–बाणकोट–वेळास–केळशी–आडे–आंजर्ले हा रस्ता अरुंद आहे. समोरून बस आली की एकाला मागे जावं लागतं. तो उजेडात संपवा. १ च्या फेरीने उतरलात तर जेवण धरूनही पाचच्या आत आंजर्ल्यात याल.

गिअरबॉक्स

आता सेडान.

ज्या बोटीला रॅम्प एकाच तोंडाला असतो, तिच्यावर गाडी बहुतेक वेळा रिव्हर्समध्ये चढवायला लावतात, म्हणजे पलीकडे सरळ पुढे उतरता येतं. त्यामुळे आधी घासतो तो मागचा बंपर, सायलेन्सर आणि टो हुक. दोन ठिकाणी सांभाळायचं. धक्क्याचा उतार आणि रॅम्प मिळतात तिथे बंपर टेकतो, रॅम्प आणि डेक मिळतात तिथे पोट टेकतं.

चालक सोडून सगळ्यांना उतरवा. डिक्कीतल्या जड बॅगा तेवढ्यापुरत्या एसयूव्हीत टाका. मागची स्प्रिंग मोकळी झाली की गाडी चांगली वर उठते आणि बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं. तरीही टेकेल असं वाटलं तर डेकवरच्या माणसाला फळी टाकायला सांगा, असल्या तर टाकतात.

नव्या गाड्यांत मागे अडथळा दिसला की आपोआप ब्रेक लागण्याची सोय असते. रॅम्पचा चढ तिला भिंत वाटतो आणि गाडी अर्ध्यावर कचकन थांबते. ती सोय चढवण्याआधी बंद करा. पार्किंग सेन्सर ओरडत राहील, त्याकडे लक्ष देऊ नका. कॅमेऱ्यातही चढ चुकीचा दिसतो, म्हणून दोन्ही आरसे आणि डेकवरचा एकच माणूस. घरच्यांनी काचेपाशी येऊन सूचना द्यायच्या नाहीत, हे आधीच सांगून ठेवा. दोन आवाजांत चालक गोंधळतो आणि चाक रॅम्पच्या कडेला जातं.

रॅम्पवर थांबायचं नाही. उतारावर शेवाळ असताना थांबून पुन्हा उठाव केला की चाक जागीच फिरतं. हळू पण सलग. क्लच अर्धवट दाबून लोंबकळत राहिलात तर जळका वास येईल. त्यापेक्षा पुढची गाडी डेकवर जागेवर लागेपर्यंत सपाटीवरच थांबा, मग एका दमात चढवा.

जागेवर लागल्यावर चाकं सरळ, हँडब्रेक पूर्ण, मॅन्युअल असेल तर पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर पी. इंजिन बंद, आरसे मिटलेले. अंधारात हेडलाइट लगेच बंद करा, समोरच्या खलाशाच्या आणि सुकाणूवाल्याच्या डोळ्यांवर येतात. उतरल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकं आणि गाडीचा खालचा भाग धुवून घ्या. खाऱ्या चिखलाने ब्रेकच्या डिस्कवर एका रात्रीत गंज चढतो.

दुचाकी_दक्खन

भाच्यासाठी: मागे बसलेल्याने उतरून चालत जायचं. शेवाळावर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, मागचाच, आणि हँडल सरळ. बाईक शेवटी घेतात आणि आधी सोडतात, त्यामुळे रांगेत मोटारींच्या मागे उभं न राहता कडेने पुढे जाऊन विचारावं. बोटीवर पहिल्या गिअरमध्ये साइड स्टँडवर लावून तिच्याजवळच उभं राहायचं. मोटारींमध्ये जागा एवढी कमी असते की बाईक कलंडली तर शेजारच्या दारावरच पडते.

आंजर्ल्याची

आईंबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण याचा विचार बहुतेक वेळा जेटीवर पोचल्यावर होतो.

त्यांना एसयूव्हीत पुढच्या सीटवर बसवा आणि गाडीतच राहू द्या. चालत चढवायचं म्हणजे ओल्या उतारावरून, मागेपुढे होणाऱ्या गाड्यांच्या मधून न्यायचं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते सगळ्यात धोक्याचं. तिकीट काढताना आणि चढवताना दोन्ही वेळी खलाशांना सांगा की गाडीत वयस्कर बाई आहेत, दार पूर्ण उघडेल अशी जागा द्या. कडेला किंवा पुढे लावून देतात. उशिरा सांगितलंत तर दोन्ही बाजूंना गाड्या लागलेल्या असतात आणि दार वीतभरच उघडतं.

गाडी थांबली की सीटबेल्ट काढा, काचा पूर्ण खाली घ्या, दारं लॉक करू नका, आणि घरातलं एक माणूस त्यांच्या दाराशी उभं राहू दे. वरच्या मजल्यावरची बाकं छान असतात, पण जिना उभा असतो. तिथे नेऊ नका. बाकीच्यांनी वर जाताना लाइफजॅकेट कुठे ठेवली आहेत ते पाहून घ्यावं, आणि त्यांतलं एक खाली आईंजवळ आणून ठेवावं.

स्वच्छतागृहाचं काम हरिहरेश्वरला उरकून घ्या. रांगेत तास गेला तर जेटीवर सोय मिळेलच असं धरू नका. पाणी, टोपी आणि दुपारची औषधं बॅगेत न ठेवता हाताशी.

कोथरूड३८

फारच उपयोगी. चतुर्थीला १२ वाजता बागमांडला, पंचमीला मुक्काम कोळथरे, षष्ठीला सकाळी दाभोळ असं पक्कं करतो. एक भर पडली आहे: मुंबईचा मावसभाऊ गाडी घेऊन येतोय. त्याला भाऊच्या धक्क्याहून रो-रोने (गाडीसकट नेणाऱ्या बोटीने) मांडव्याला उतरून, मुरूडमार्गे आगरदांडा–दिघी फेरीने हरिहरेश्वरला १२ पर्यंत यायचंय. आणि पैसे रोख लागतात का?

डॉकयार्ड

१२ पर्यंत जमणार नाही. भाऊचा धक्का–मांडवा रो-रो तासाभराची आहे, मार्च २०२० पासून चालू आहे, आणि मुंबई–अलिबागपुरता तिचा फायदा मोठा आहे. पण मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला यायचं, तिथे पुन्हा रांग, मग दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन. एका प्रवासात दोन फेऱ्या म्हणजे उशिराची शक्यता दोनदा. मावसभावाने तृतीयेला निघावं आणि श्रीवर्धन किंवा दिवेआगरला मुक्काम करावा. त्याच दिवशी यायचं असेल तर पहाटे अटल सेतूवरून पेण–माणगाव हाच रस्ता.

रो-रोच्या गाडीचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. दिवाळीत जागा लवकर भरतात. गाडीचा नंबर तिकिटावर असतो, ऐन वेळी दुसरी गाडी आणली तर अडचण. सुटण्याच्या पाऊण तास आधी धक्क्यावर असावं, आणि आतल्या गोदीच्या रस्त्यावर ट्रक असतात त्याचा वेळ वेगळा.

पुणेकरांनी अलिबागसाठी रो-रोचा विचार करू नये, खोपोली–पेणवरून थेट रस्ता जवळ आहे. गाडी नसणाऱ्यांनी मात्र रेल्वेने सीएसएमटी गाठून हार्बरने डॉकयार्ड रोडला उतरावं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचही आहेत, पण पावसाळ्यात त्या बंद असतात.

खाडीकाठ

पैसे: रोख जवळ ठेवाच, सुट्टे. खाडीच्या तोंडाशी नेटवर्क दगा देतं आणि खिडकीवर मागची माणसं खोळंबतात. मोटारीच्या तिकिटात चालक धरलेला असतो, बाकीच्यांचं माणशी वेगळं. माणसं मोजूनच खिडकीवर जा. दर वेळोवेळी बदलतात, खिडकीवर फलक असतो.

तवसाळ–जयगडला दाभोळइतकी गर्दी नसते, पण पाण्यातलं अंतर जास्त आहे आणि बोटी कमी. एक चुकली की पुढचीची बराच वेळ वाट पाहावी लागते. गुहागरहून हेदवी, वेळणेश्वर करत निघालात तर संध्याकाळच्या शेवटच्या फेरीवर बेत टाकू नका. गुहागर सोडतानाच जेटीवर फोन करून पुढच्या दोन फेऱ्यांच्या वेळा विचारा. खाडीतल्या या बोटी पावसाळ्यातही बहुधा चालतात, पण वादळी वाऱ्याचा इशारा लागला की कोणत्याही महिन्यात थांबवतात. दिवाळीच्या सुमाराला अरबी समुद्रात वादळं होतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा वाचा. मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हटलं असेल तर चिपळूणमार्गे जायची तयारी ठेवा.

मुळशीकर

परतीचा प्रश्न राहिला. त्याच तीन जेट्यांनी परत येऊ नका. शेवटच्या दिवशी दुपारनंतर दाभोळ आणि वेसवी दोन्हीकडे पुण्या-मुंबईकडे परतणाऱ्यांची रांग असते. त्यात फेरी चुकली तर ताम्हिणी रात्री लागते. गणपतीपुळ्याहून साखरपा–आंबा घाट–मलकापूर–कोकरूड–शिराळा करत पेठनाक्याला महामार्गाला लागा. नाहीतर संगमेश्वर–चिपळूण–कुंभार्ली–पाटण–उंब्रज. दोन्हींत अंतर जास्त, पण पोचायची वेळ आधी सांगता येते, आणि आईंना जेटीवर ताटकळत बसावं लागत नाही.

कोथरूड३८

शेवटचा प्रश्न. दोन गाड्या आणि बाईक एकाच फेरीत जातील असं सांगता येतं का?

हिशेबी

सांगू शकता, पण त्यासाठी रांग अडवून ठेवू नका. खलाशी वजन आणि लांबी बघून गाड्या लावतात. एसयूव्ही गेली आणि सेडानची जागा उरली नाही असं होणारच. तिकिटं ज्या त्या गाडीत ठेवा, सगळी एकाकडे नकोत. पाणी आणि औषधं ज्या गाडीत आई आहेत तिच्यात. पलीकडे उतरल्यावर उताराच्या तोंडाशी थांबायचं नाही, मागून गाड्या येत असतात आणि समोर चढणाऱ्यांची रांग असते. वेसवीला आणि धोपाव्याला दोन्हीकडे जेटीचा चढ संपून रस्ता रुंद होतो तिथे डावीकडे थांबायचं, हे पुण्यातून निघतानाच ठरवून ठेवा. फोन लागला नाही तरी चुकामूक होणार नाही.